एकाच रेघेवरची घरं

लातुरात निवेदन द्यायची एक पद्धत आहे. कागद एक असतो आणि देणारे पंधरा. साहेब मधोमध, आणि पंधराच्या पंधरा जणांचा हात त्या एका कागदाला लागलेला पाहिजे. ज्याचा हात पोचत नाही तो पुढच्याच्या खांद्यावर ठेवतो, म्हणजे त्याचंही पुण्य कागदापर्यंत जातं. कागदाकडे कुणी बघत नाही, सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. कागदात काय लिहिलंय हे फार तर दोघांना ठाऊक असतं. मला या फोटोंचा पहिल्यापासून तिटकारा आहे. आणि तसल्याच एका फोटोत मी सगळ्यांच्या पुढे उभा आहे, हातात अँटेना धरून, हसत. तो फोटो अजून कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये असेल.

मी टेलिफोन खात्यातला माणूस. नोकरीची बरीच वर्षं नांदेडात गेली, शेवटची लातुरात, आणि रिटायर झाल्यावर इथंच राहिलो. बायको गेली, मुलगा पुण्याला. घर दोन खोल्यांचं, वर गच्ची. हौशी रेडिओचा परवाना मी तरुणपणीच काढला होता, त्यामुळे गच्चीवर तारा, काठ्या, नळ्या असा पसारा कायम. लातूर शिकवण्यांवर चालणारं गाव, इथं चष्मा लावणारा प्रत्येक माणूस 'सर' असतो. मी जन्मात कुणाला एक धडा शिकवलेला नाही, तरी मीही सर.

रेडिओलहरींची दिशा शोधायचं वेड नांदेडातलं, लहानपणीचं. वडिलांचा कातडी पिशवीतला ट्रान्झिस्टर होता. त्यावर परभणीचं केंद्र लागायचं. ट्रान्झिस्टर टेबलावर एका बाजूला तोंड करून ठेवला की आवाज खणखणीत, आणि तोच जागच्या जागी हळूहळू फिरवला की एका ठिकाणी बातम्या सांगणारा माणूस विहिरीत पडल्यासारखा खोल जायचा. आणखी थोडा फिरवला की पुन्हा वर. वडील ओरडायचे, "काहून फिरवून राहिला रे त्याला? एका जागी ठेव की." एका दुपारी ते झोपल्यावर मी तो उघडला. आत पेन्सिलीएवढी काळी कांडी होती आणि तिच्यावर केसासारखी तांब्याची तार गुंडाळलेली. कांडी परभणीला आडवी असली की आवाज मोठा. कांडीचं टोक परभणीकडे वळलं की आवाज गडप. मोठा आवाज ट्रान्झिस्टर बराच फिरवला तरी मोठाच राहतो, त्यावरून नेमकं काही कळत नाही. गडप व्हायची जागा मात्र अगदी बोटभर. म्हणून दिशा शोधणारा आवाज जिथं बुडतो ती जागा धरतो.

पण कांडीला टोकं दोन. एक पश्चिमेला परभणीकडे, दुसरं पूर्वेला मुदखेडकडे. केंद्र या दोन्हींपैकी कुठं आहे ते कांडी सांगत नाही. मी मात्र वर्गात छातीठोकपणे सांगून टाकलं की रेडिओ केंद्र मुदखेडला आहे आणि मी ते शोधलंय. मास्तरांनी पट्टीनं हात लाल केला.

पुढे या विद्येचे बाकीचे उपयोग कळत गेले. समुद्रातली जहाजं किनाऱ्यावरच्या दोन वायरलेस केंद्रांची दिशा घेऊन नकाशावर आपली जागा ओळखत. विमान पडलं की त्यातली एक पेटी आपोआप ओरडायला लागते आणि शोधणारे तिच्या आवाजाचा माग धरून डोंगरात शिरतात. वाघाच्या गळ्यात पट्टा घालतात आणि जंगलखात्याचा माणूस जीपच्या टपावर अँटेना धरून उभा राहतो. परवान्याशिवाय चालणारा वायरलेस असाच पकडतात. सगळीकडे नियम एकच आहे. एका जागेवर उभं राहून फक्त दिशा कळते, अंतर कळत नाही. जवळची मेणबत्ती आणि लांबचा हॅलोजन अंधारात सारखेच दिसू शकतात. म्हणून एक रेघ काढायची, जागा बदलायची, दुसरी रेघ काढायची, जमलं तर तिसरी. रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं जायचं. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. म्हणून तर पुढे मी जे केलं त्याला 'चुकून झालं' म्हणायची सोय नाही.

दोन उन्हाळ्यांमागे आमच्या भागातले मोबाईल बिघडले. फोन लागायचा, समोरच्याचं सगळं ऐकू यायचं, पण आपलं त्याच्याकडे तुटक तुटक जायचं. माणसं गच्चीवर, गल्लीत, कोपऱ्यावर उभी राहून "आता ऐकू येऊन राहिलं का? आता?" म्हणून बोंबलायची. आमचा भाग हॉस्टेलांचा. निलंगा, औसा, चाकूर, कुठून कुठून आलेली लेकरं डॉक्टर व्हायला इथं कोंडलेली, आणि गावाकडचे आईबाप दिवसातून चारदा फोन करणारे. मोबाईल कंपनीला तक्रारी गेल्या. काम चालू आहे असं उत्तर आलं, जसं नेहमी येतं.

मी माझ्या परीनं बघितलं होतं. माझ्याकडे एक छोटा रिसीव्हर आहे, लॅपटॉपला लावला की हवेत कुठल्या लहरीवर काय चाललंय ते पडद्यावर दिसतं. मोबाईल ज्या लहरींवर टॉवरशी बोलतात तिथं एरवी बारीक बारीक ठिपके चमकतात आणि विझतात. तिथं एक जाड पट्टा सारखा पेटलेला होता. मला लगेच कळलं. कुणीतरी बूस्टर बसवला होता. ज्या खोलीत रेंज नाही तिथं लोक हे यंत्र बसवतात. एक अँटेना बाहेर, एक आत, मधे यंत्र. ते परवानगीशिवाय बसवायला बंदी आहे, पण बसवतात. दोन अँटेना जवळ आल्या की लग्नाच्या मांडवात माईक भोंग्यासमोर आल्यावर जशी कानठळ्या बसवणारी कुईई होते तशीच इथं होते, फक्त ती कानाला ऐकू येत नाही. टॉवरला ऐकू येते. त्या किंकाळीत टॉवरला बाकीच्यांचं बोलणं कळेनासं होतं.

रहिवासी संघाचे अध्यक्ष दहा-बारा जणांना घेऊन माझ्याकडे आले ते मे महिन्यात, दुपारी चारला. पांढरे कपडे, हातात दोन मोबाईल. आमच्याच भागात त्यांचं तीन मजली हॉस्टेल आहे, खाली तळघरात अभ्यासिका. "सर, तुमच्याकडं यंत्र हाय म्हणे," ते म्हणाले, "शोधून द्या की. लोकं लई बेजार होऊन राहिलेत. तुम्ही दाखवा, उद्याच्याला आपण कलेक्टर हाफिसात निवेदन देऊ."

आता खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. रिटायर माणसाच्या गच्चीवर बारा माणसं चढतात, त्याच्या भंगाराकडे कौतुकानं बघतात, हे रोज होत नाही. मी सायकलच्या चाकाच्या तारा तोडून बनवलेली अँटेना बाहेर काढली. प्लास्टिकच्या नळीवर वीतभर वीतभर तारा आडव्या बसवलेल्या, दिसायला माशाच्या काट्यासारखी. ही ज्या बाजूला रोखावी तिकडचं जास्त ऐकते. मी ती हळूहळू फिरवली आणि लॅपटॉपवरचा पट्टा एका दिशेला पेटला. दोन्ही बाजूंना तो कुठं विझतो ते बघून मी मधली दिशा धरली आणि अँटेना तिथं थांबवली.

त्या रेघेवर पाच घरं होती. जवळून लांब सांगतो. एक बंद घर, मालक सोलापूरला. एक किराणा दुकान. मग अक्कांची मेस, बैठी, पत्र्याची पडवी आणि वर छोटी गच्ची. तिच्या मागे एका वकिलांचा बंगला. आणि त्याच्या मागे अध्यक्षांचं हॉस्टेल. पाचही घरं माझ्या अँटेनासमोर एकामागे एक उभी होती. पण अक्कांच्या गच्चीवर टीव्हीची जुनी ॲल्युमिनियमची अँटेना होती, आणि बाकी कुणाच्या गच्चीवर डोळ्याला दिसेल असं काही नव्हतं.

अध्यक्षांनी विचारलं, "अक्काच्या घराकडून हाय का, सर?"

मी म्हणालो, "त्या बाजूनं आहे."

मी असंही म्हणालो की ही नुसती दिशा आहे, आणखी दोन जागांवरून बघावं लागेल. पण ते मी कुणासाठी म्हणालो कोण जाणे, कारण तेवढ्यात कुणीतरी "सर, अँटेना जरा वर धरा" म्हणालं, आणि मी धरली. सगळे माझ्याभोवती उभे राहिले. निवेदनाचा कागद नव्हता म्हणून सगळ्यांनी अँटेनाच्या नळीला हात लावला. अध्यक्षांचा हात माझ्या हाताला लागून होता. फोटो निघाला. अँटेनाचं तोंड अक्कांच्या मेसकडे, आणि मी हसतोय.

अक्का निलंग्याकडच्या, कर्नाटकाच्या काठावरच्या गावच्या. बोलताना मधेच कानडी शब्द टाकतात. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय चूल पेटवत नाहीत. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन लातूरला आल्या, हॉस्टेलच्या लेकरांचे डबे करू लागल्या, त्यावर मुलीचं लग्न केलं. सहा वर्षं माझाही डबा त्यांच्याकडूनच येत होता. माझी बायको गेली त्या आठवड्यापासून. मी सांगायला गेलो नव्हतो, त्यांनीच पाठवला होता.

बारा जण माझ्या गच्चीवरून उतरले आणि तडक तिकडे गेले. मी नाही गेलो. मी वरून बघत होतो. अक्का पिठाचे हात घेऊन दारात आल्या. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, हात हललेले दिसले. मग दोघं गच्चीवर चढले. त्या अँटेनाला वायर नव्हती, कित्येक वर्षं नव्हती. अक्का तिला दोरी बांधून धुतलेली फडकी वाळत घालायच्या. खाली चादरीवर मिरच्या पसरल्या होत्या. त्या दोघांनी अँटेना गदगदा हलवून उपटली, एकाचा पाय मिरच्यांत पडला, आणि खाली आणून त्यांनी तिच्यासोबत दुसरा फोटो काढला. शिकाऱ्यांनी रानडुक्कर मारून आणावं तसे उभे होते. अँटेनाला फडकं लटकलेलं तसंच होतं.

पाच मिनिटांनी भागाच्या ग्रुपवर दोन्ही फोटो आले. पहिल्याखाली लिहिलं होतं, तज्ज्ञ सरांनी यंत्राद्वारे शोध लावला. दुसऱ्याखाली, मेसवरील बेकायदा अँटेना हटविली. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

मी त्यावर काहीतरी लिहायला हवं होतं. एक ओळ पुरली असती. मी मोबाईल हातात घेतला, लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. उद्या नीट समजावून सांगू, असं म्हणून ठेवून दिला.

आणि मग जे सुरू झालं त्याची मला खरी शिसारी आली. लोक म्हणू लागले, फरक पडला. "सर, कालपासून आवाज लई क्लिअर येऊन राहिला." माझ्या लॅपटॉपवर पट्टा जसाच्या तसा पेटलेला, माझा स्वतःचा फोन तुटतोय, आणि माणसं कोपऱ्यावर उभी राहून तुटक आवाजात एकमेकांना सांगताहेत की आवाज सुधारला. चूक मान्य करण्यापेक्षा कान बहिरे झालेले परवडले. किराणा दुकानदार, ज्याचं घर त्याच रेघेवर होतं, तो तर म्हणाला की त्याचं डोकं दुखायचं थांबलं. हळूहळू मेसवरचे आरोप वाढत गेले. मेसमध्ये मशीन होतं, त्याच्या किरणांनी लेकरांची झोप जाते, पेपरात मार्क कमी पडतात. चाकूरच्या एका बापानं फोन करून लेकाची मेस बदलली. मग औशाच्या दोघांनी. हॉस्टेलांच्या वॉर्डननी सांगायला सुरुवात केली की पालक विचारून राहिलेत, आम्ही काय करणार. महिन्याभरात अक्कांच्या पडवीत खिळ्यांना लटकणारे डबे निम्म्याहून कमी झाले. पोळ्या लाटायला येणाऱ्या दोन बायांपैकी एक बंद झाली, मग दुसरी.

माझा डबा रोज येत होता. आधी जो माणूस सायकलवर घेऊन यायचा त्याला त्यांनी कमी केलं, म्हणून अक्का स्वतः आणून दारात ठेवायच्या. "सर, डबा" एवढंच म्हणायच्या आणि जायच्या. भाजी, भाकरी, ठेचा, सगळं पूर्वीसारखं. मी ते खात होतो. अशा माणसाला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी मला सहन होईना. मी नकाशा काढला, रिसीव्हर, लॅपटॉप, अँटेना पिशवीत घातली आणि घराबाहेर पडलो. महिन्यापूर्वी करायचं काम. पहिली रेघ माझ्या गच्चीवरची होतीच. दुसरी मी शाळेच्या मैदानातून घेतली. तिसरी औसा रोडकडच्या एका ओळखीच्या दुकानाच्या गच्चीवरून. पत्रे आणि पाण्याच्या टाक्या यांच्यावर आपटून लहरी खोट्या दिशेनंही येतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी दहा पावलं इकडे, दहा पावलं तिकडे सरकून पुन्हा बघितलं. तीन रेघा पेन्सिलीनं ओढल्या. त्यांनी मधे एक लहानसा त्रिकोण केला. अक्कांची मेस त्या त्रिकोणाच्या बाहेर होती. वकिलांचा बंगलाही बाहेर. आत फक्त हॉस्टेल होतं.

तरी मी जवळ जाऊन बघितलं. अगदी जवळ गेलं की वेगळीच पंचाईत होते. आवाज इतका मोठा की रिसीव्हर सगळ्या दिशांना सारखाच किंचाळतो, अँटेना कुठंही फिरवा. तेव्हा त्याला थोडं बहिरं करावं लागतं. मी अँटेना काढून टाकली आणि रिसीव्हर स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण बोटभर उघडं ठेवलं. मग डबा छातीशी धरून जागच्या जागी गोल फिरलो. आपलं अंगही लहरी अडवतं. बूस्टरकडे पाठ झाली की आवाज पडतो. हॉस्टेलच्या फाटकासमोर भर दुपारी बारा वाजता डबा कवटाळून गोल फिरणारा म्हातारा बघून वॉचमन हसत होता. आवाज पडला तेव्हा माझी पाठ बरोबर तळघराच्या खिडकीकडे होती.

अध्यक्ष ऑफिसात होते. मी नकाशा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि जराही न चपापता म्हणाले, "ते व्हय? ते तर लेकरांसाठी बसवलंय, सर. तळघरात रेंज न्हाई. पालक फोन करून करून बेजार करतेत."

आम्ही खाली गेलो. भिंतीवर पंख्याच्या रेग्युलेटरशेजारी पेटी होती, हिरवा दिवा लागलेला. अभ्यासिकेतल्या अँटेनापासून खिडकीबाहेरची अँटेना दोन हातांवर. अध्यक्षांनी बटन बंद केलं. माझ्या लॅपटॉपवरचा पट्टा विझला. महिनाभर सगळ्या भागाचा जीव खाणारी ती गोष्ट एका बटनाची होती.

"झालं?" ते म्हणाले. "आता बंदच राहील, माझा शबद हाय. विषय मिटला."

"अक्कांचं काय?"

"अक्काचं काय? त्यांना कुणी काय म्हणून राहिलंय का?"

मी म्हणालो, "त्या दिवशी माझ्या गच्चीवर तुम्ही होतात. आपल्या तळघरात मशीन आहे हे तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मग शांतपणे म्हणाले, "सर, यंत्र तुमचं. दिशा तुम्ही दाखवली. मी तर नुसता बाजूला उभा व्हतो."

मला त्या माणसाची जेवढी किळस आली तेवढी कुणाची आली नसेल, आणि तरी त्याचं बोलणं शब्द न शब्द खरं होतं. मी चहा प्यायलो. हेही लिहून ठेवतो.

रविवारी सकाळी मंदिराच्या हॉलमध्ये माझा सत्कार ठेवला. नेटवर्कची समस्या सोडविल्याबद्दल. मी नाही म्हणायला गेलो होतो, पण मग मनात आलं की चांगली संधी आहे. सगळे असतील, माईक असेल, नकाशा खिशात घेऊन जावं आणि उभं राहून सरळ सांगावं. रात्री मी वाक्यंसुद्धा पाठ केली. मशीन अक्कांकडे नव्हतं. मी अर्धवट काम करून त्यांच्यावर बोट दाखवलं. मशीन इथंच बसलेल्या एका माणसाच्या तळघरात होतं.

अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं मला फेटा बांधला. शाल घातली, नारळ दिला. चार जणांनी भाषणं केली, त्यात मी शास्त्रज्ञ झालो, मग थोर शास्त्रज्ञ. मग माईक माझ्या हातात आला. मी ट्रान्झिस्टरच्या कांडीची गोष्ट सांगितली. वाघाच्या पट्ट्याची सांगितली. लोक माना डोलावत होते, पुढच्या रांगेतल्या बायका हसत होत्या, आणि मला ते गोड लागत होतं. पुढच्या वाक्याला हे सगळे चेहरे बदलतील हे दिसत होतं. अध्यक्ष शेजारच्या खुर्चीवर बसून प्रेमानं माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "बिघाड सापडला आणि दूर झाला, हे महत्त्वाचं." टाळ्या झाल्या. मी खाली बसलो. शेण खाल्लं.

तिथून मी थेट अक्कांकडे गेलो. फेटा काढून शालीत गुंडाळला होता. दुपारचे डबे भरायची वेळ, पण पडवीत नऊच डबे मांडलेले होते. अक्का एकट्याच तव्यासमोर होत्या. मी दारातच उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. नकाशा उलगडून तीन रेघा दाखवल्या, त्रिकोण दाखवला, त्यांचं घर बाहेर कसं आहे ते बोटानं दाखवलं. हॉस्टेलचं सांगितलं, तळघरातली पेटी, बंद केलेलं बटन, सगळं. म्हणालो, "अक्का, तुमच्याकडे काही नव्हतं. हे आता पक्कं सिद्ध झालं."

त्यांनी तव्यावरची भाकर उलटली. नकाशाकडे त्यांनी बघितलं नाही.

"मंदिरात माईक होता म्हणं," त्या म्हणाल्या. "तिथं बोललात का हे?"

"नाही."

"मग मला काहून सांगून राहिलात, सर? माझ्याकडं न्हाई हे मला तर पहिल्या दिवसापासून मालूम हाय. ज्यांला मालूम न्हाई ते तिथं बसले व्हते."

मी म्हणालो, सांगतो, एकेकाच्या घरी जाऊन सांगतो. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही, आणि भाकर काढून टोपल्यात ठेवली.

दिवाळीनंतर त्यांनी मेस बंद केली आणि मुलीकडे उदगीरला गेल्या. तोवर माझा डबा त्यांनी एक दिवसही चुकवला नाही. मी कुणाच्याही घरी गेलो नाही. वकील रोज सकाळी फिरायला जाताना भेटतात, किराणा दुकानदार सामान देतो, सगळे सर म्हणून नमस्कार करतात, आणि त्यांच्या डोक्यात मशीन अजून मेसमध्येच आहे. आता एवढं सगळं लिहून काढलं, वाटलं निदान कागदावर तरी खरं सांगितलं. मग पहिल्यापासून वाचून बघितलं. अध्यक्षांचं नाव मी इथंही लिहिलेलं नाही.